गटारी यंदा १२ ऑगस्टला: मटण परवडत नसेल तर ताटात काय? काळाचौकीच्या निमित्ताने समजून घ्या

आषाढ संपत आला की काळाचौकी, लालबाग, परळच्या चाळींमध्ये आणि तिथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "यंदा गटारी कधी आणि बेत काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. २०२६ मध्ये आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला, बुधवारी आहे. दुसऱ्या दिवसापासून श्रावण.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही. गटारी म्हणजे मटण किंवा कोंबडी-वडे, हे समीकरण गिरणगावात वर्षानुवर्षं पक्कं होतं. पण मटणाचा भाव किलोला सातशे रुपयांच्या पुढे गेला, तसा दहा माणसांच्या घरातला एका जेवणाचा खर्चही हजारांत गेला. त्यातच एकाच घरात एक जण माळकरी, एकाने मटण सोडलेलं आणि एकाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं, असं चित्र आता सर्रास दिसतं.

मग सणाच्या ताटातला मुख्य पदार्थ बदलायचा का? बदलायचा तर त्याजागी काय? आणि तो बदलला तर सण तोच राहतो का?

यंदाची तारीख इतकी उशिरा का?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये आषाढ अमावास्या २४ जुलैला होती. यंदा ती जवळपास तीन आठवडे पुढे गेली आहे. त्याचं कारण अधिक महिना.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं. सौरवर्षापेक्षा ते अंदाजे ११ दिवसांनी कमी पडतं. हा फरक भरून काढण्यासाठी साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्त धरला जातो. यंदा १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. गणेश चतुर्थीही यंदा १४ सप्टेंबरला आहे.

तारखेचा हा फरक फक्त कॅलेंडरपुरता नाही. त्याचा थेट परिणाम ताटावर होतो, आणि तो दोन प्रकारे होतो.

पहिला परिणाम वाराचा. अनेक मराठी घरांत सोमवार, मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार यांपैकी काही वार पाळले जातात. गेल्या वर्षी अमावास्या गुरुवारी आली होती. त्यामुळे गुरुवार पाळणाऱ्या घरांनी बुधवारी किंवा त्याआधीच्या रविवारी, म्हणजे २० जुलैला बेत उरकला. यंदा अमावास्या बुधवारी आहे. हा वार बहुतेक घरांत 'खायचा' असतो. पण कामाचा दिवस असल्याने मोठी गर्दी ९ ऑगस्टच्या रविवारी होणार, हे उघड आहे. पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, ही अमावास्या २ ऑगस्टला सोमवारी येते. म्हणजे पुन्हा आदल्या रविवारी धावपळ.

दुसरा परिणाम मासळीचा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. गटारी जुलैमध्ये आली की ताज्या मासळीचा पर्याय जवळपास बाद होतो. यंदा बंदी उठल्यावर बारा दिवसांनी अमावास्या येते. याचा अर्थ काय, ते पुढे पाहू.

मटण-कोंबडीच का? त्यासाठी गिरणगावाकडे वळावं लागेल

काळाचौकी हा मुंबईच्या गिरणगावाचा भाग. इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या इथल्याच. त्याच जागेवर आता वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम झालं आहे. म्हाडाची अभ्युदय नगर ही मोठी वसाहतही काळाचौकीचीच ओळख.

इथे कामाला आलेले बहुतेक लोक दोन दिशांनी आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कोकणी, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे भागांतून घाटावरचे. अनेकांची कुटुंबं गावी असायची. एका खोलीत गावकीचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवण खाणावळीत व्हायचं.

या खाणावळी बहुतेक बायका चालवायच्या. घरातच, चार-दोन शेगड्यांवर. सावकारी कर्जातून त्यांना बाहेर काढण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून.

रोजच्या खाणावळीत डाळ, भात, चपाती, भाजी. मटण किंवा कोंबडी हे सुट्टीचं, पगाराचं, सणाचं जेवण. श्रावण पाळणाऱ्याला पुढे महिनाभर, काही घरांत गणपती विसर्जनापर्यंत मांसाहार नाही. त्यामुळे आषाढातलं हे शेवटचं जेवण मोठं असायचं.

मोठं म्हणजे काय? तर दोन गोष्टी. रोज परवडत नाही असं काहीतरी, आणि एका टोपात सगळ्यांना पुरेल असं. कोकणी घरात ते झालं कोंबडी-वडे. घाटावरच्या घरात मटणाचं सुकं, रस्सा आणि भाकरी.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पगाराचा दिवस गेला, खाणावळी कमी झाल्या. पण गटारीचा बेत राहिला. उलट चाळीतला, मंडळातला, बिल्डिंगच्या गच्चीवरचा सामुदायिक कार्यक्रम म्हणून तो आणखी ठळक झाला.

एका पक्ष्याभोवती सण: टर्कीचं उदाहरण

सणाच्या जेवणाला एक ठरलेला प्राणी किंवा पक्षी असणं, ही काही फक्त मराठी गोष्ट नाही. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या 'थँक्सगिव्हिंग'चं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे घरोघरी टर्की भाजली जाते. १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी हा दिवस देशभर पाळण्याची घोषणा केली आणि ही प्रथा पक्की होत गेली.

टर्कीच का? कारण साधं आहे. पक्षी मोठा, एकात दहा-पंधरा माणसं जेवतात. अंडी देणारी कोंबडी किंवा दूध देणारी गाय त्यासाठी कापावी लागत नाही. म्हणजे तिथेही निकष तोच: एक टोप, सगळं घर.

टर्कीचं आपल्याकडेही एक जुनं पाऊल आहे. मूळचा अमेरिका खंडातला हा पक्षी पोर्तुगिजांमार्फत गोव्यात पोहोचला. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये तो जहांगीर बादशहाच्या दरबारात गेला. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पण चारशे वर्षांनंतरही हा पक्षी आपल्या ताटात रुळला नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने भारतात पाळण्यासाठी टर्कीची 'कारी विराट' ही जात तयार केली, तरी मुंबईत टर्की प्रामुख्याने डिसेंबरमध्ये, मोठ्या हॉटेलांत आणि मोजक्या दुकानांतच दिसते.

काळाचौकीच्या शेजारी माझगावात माथारपाखाडी आहे. तिथल्या किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांत नाताळला टर्की हवीच, असं नसतं. सोरपोतेल, विंदालू, बदक, भाजलेली कोंबडी यांवर सण साजरा होतो. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री कार्प मासा असतो. जपानमध्ये १९७४ च्या एका जाहिरात मोहिमेनंतर केएफसीची तळलेली कोंबडी हेच नाताळचं जेवण होऊन बसलं.

अमेरिकेतही कुटुंबं लहान झाली, बर्ड फ्लूमुळे टर्कीचे कळप मारावे लागले, शाकाहारी पाहुणे वाढले. त्यामुळे "यंदा टर्कीऐवजी काय?" हा प्रश्न तिथे दर नोव्हेंबरला येतो. आपल्याकडे तोच प्रश्न आषाढात येतो, इतकंच.

मटणाऐवजी काय? एकेक पर्याय तपासून पाहू

समाजमाध्यमांवर गटारीच्या आठवड्यात 'दहा पर्याय', 'पंधरा रेसिपी' अशा याद्या फिरतात. त्यातल्या सगळ्या गोष्टी ऑगस्टमध्ये मुंबईत मिळतात असं नाही. त्यामुळे प्रत्येक पर्याय चव, भाव, हंगाम आणि मेहनत या चार बाजूंनी बघायला हवा.

*ब्रॉयलर कोंबडी:* सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त निवडला जाणारा पर्याय. भाव मटणाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला तयार होते, त्यामुळे मागणी ओळखून पुरवठा वाढवता येतो. तरी गटारीच्या आठवड्यात भाव चढतो आणि श्रावण लागला की उतरतो. लवकर शिजते, पण रश्श्याला मटणासारखा दाटपणा येत नाही. ती कसर वाटपाने भरून काढावी लागते.

*गावठी कोंबडी:* रश्श्याच्या चवीला तोड नाही, पण हा स्वस्त पर्याय नाही. ती वाढायलाच पाच-सहा महिने लागतात. बाजारात 'गावठी' म्हणून गिरिराज किंवा वनराज अशा सुधारित जातीही विकल्या जातात. काही वेळा अंडी देऊन थकलेली कोंबडीही त्याच नावाने गळ्यात मारली जाते. त्या कोंबड्या खायला वाईट नाहीत. पण भाव गावठीचा द्यायचा असेल, तर विचारून घेतलेलं बरं.

*ताजी मासळी:* यंदाचा खास पर्याय. भाऊचा धक्का काळाचौकीपासून हाकेच्या अंतरावर. १ ऑगस्टपासून बोटी सुटायला परवानगी असते. पण परवानगी मिळणं आणि मासळी येणं यात फरक आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला वारा-पाऊस जोरात असेल तर बोटी बंदरातच राहतात. पारंपरिक कोळी समाज तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच हंगाम मोकळा मानतो, आणि ती यंदा ऑगस्टच्या अखेरीस आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत कोळंबी बऱ्यापैकी येते. पापलेट, सुरमईचा भाव मात्र मटणाला मागे टाकू शकतो.

इथे आणखी एक मुद्दा आहे. पापलेटला महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली. कारण लहान मासे बाजारात येत राहिले तर पुढच्या वर्षी मोठे मिळणार नाहीत. तळहाताएवढं पापलेट स्वस्त मिळालं म्हणून सणाला आणणं, हा म्हणूनच खरा स्वस्त सौदा नाही.

*चिंबोरी:* पावसाळ्यात खाडीतली चिंबोरी आणि शेतातले खेकडे भरपूर मिळतात. ती खाडीत हाताने किंवा सापळ्याने पकडली जातात. त्यामुळे यांत्रिक बोटींच्या बंदीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. चिंबोऱ्यांचं कालवण आणि वडे, हे कोकणी घरात कोंबडीच्या तोडीचं जेवण. पण भाव आकारावर ठरतो आणि साफसफाईला वेळ जातो. दहा माणसांना पुरेशा मोठ्या चिंबोऱ्या घेतल्या तर मटणाएवढाच खर्च होऊ शकतो.

*सुकी मासळी:* पावसाळ्याआधी घराघरांत भरून ठेवायच्या साठवणीला कोकणात आगोट म्हणतात. सुकट, बोंबील, सोडे, सुका बांगडा हे त्यातले मुख्य. बंदीच्या दोन महिन्यांत कोळी आणि कोकणी घरांची भिस्त यावरच. सुकट आणि बोंबील तुलनेने स्वस्त पडतात. सोडे मात्र महाग, पण थोडेच पुरतात. मूठभर सोडे बटाट्याच्या किंवा वांग्याच्या रश्श्यात घातले की अख्ख्या टोपाची चव बदलते.

*अंडी:* सणाचं जेवण म्हणून अंड्याकडे थोडं कमीपणाने बघितलं जातं. पण मालवणी वाटपातली अंड्याची आमटी वड्यांसोबत उत्तम जाते. अर्ध्या तासात होते आणि लहान मुलंही खातात.

*काळ्या वाटाण्याची आमटी:* पूर्ण शाकाहारी पर्यायांमध्ये सर्वांत भक्कम. आणि हा पर्याय नवा नाही. सिंधुदुर्गात वार असेल तेव्हा कोंबडीच्या जागी काळे वाटाणे येतात, वडे तेच राहतात. लग्नाच्या, पूजेच्या जेवणात काळ्या वाटाण्याची आमटी-वडे हा मानाचा बेत आहे. वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात आणि कुकरमध्ये नीट शिजवावे लागतात. मग कांदा, सुकं-ओलं खोबरं, आलं-लसूण आणि खडा मसाला भाजून केलेलं वाटप. रंग, वास आणि दाटपणा यांत हा टोप कोंबडीच्या टोपाशेजारी शोभतो.

*फणस, शेवळं, अळंबी:* याद्यांमध्ये हमखास दिसणारी ही नावं. पण कच्च्या फणसाचा हंगाम उन्हाळ्यात संपतो. ऑगस्टमध्ये हाताशी असतात त्या साठवलेल्या आठळ्या. शेवळं पहिल्या पावसात येतात आणि जूनअखेर दिसेनाशी होतात. रानातली अळंबी पावसाळ्यात मिळते, पण विषारी आणि खाण्याजोगी ओळखणं हे जाणत्याचं काम. ओळखीच्या माणसाकडून मिळत नसेल, तर बाजारातली बटण मशरूम घेणंच सुरक्षित.

हिशोब मांडून पाहू

भाव रोज बदलतात, दुकानागणिकही बदलतात. तरी अंदाज येण्यासाठी मटण ८०० रुपये किलो, ब्रॉयलर २६० रुपये किलो, काळे वाटाणे १५० रुपये किलो आणि अंडं ८ रुपयांना, असं धरू. माणसं दहा.

- फक्त मटण: अडीच किलो, २,००० रुपये.
- फक्त ब्रॉयलर: अडीच किलो, ६५० रुपये.
- फक्त अंडी: माणशी दोन, १६० रुपये.
- फक्त काळे वाटाणे: एक किलो, १५० रुपये.
- मिश्र बेत: एक किलो मटण, अर्धा किलो काळे वाटाणे आणि दहा अंडी, मिळून ९५५ रुपये.

वडे, भात, तेल, वाटप यांचा खर्च सगळ्यांत जवळपास सारखाच. तोही नगण्य नाही. २०२५ मध्ये नारळाचे भाव बरेच चढले, तेव्हा मालवणी स्वयंपाकाचा कणाच महागला होता.

या आकड्यांतून एक गोष्ट दिसते. मटण पूर्ण काढून टाकायची गरज नाही. ते एका किलोवर आणून बाकीची जागा काळ्या वाटाण्याने आणि अंड्याने भरली, तर खर्च निम्म्यावर येतो आणि मटण खाणाऱ्यालाही ताटात मटण मिळतं. शिवाय माळकरी आजोबा आणि मटण सोडलेली सून यांनाही त्याच पंगतीत, त्याच वड्यांसोबत जेवता येतं. वडे मात्र आधी तळून घ्यायचे आणि शाकाहारी टोपाचा डाव वेगळा ठेवायचा.

मग मुख्य पदार्थ नक्की कोणता?

कोंबडी-वडे या नावात कोंबडी आधी येते. पण पर्यायांची यादी पुन्हा पाहिली तर लक्षात येतं की कोंबडी बदलते, चिंबोरी येते, वाटाणा येतो, अंडं येतं. बदलत नाहीत त्या दोन गोष्टी: वडे आणि वाटप.

वड्यांचं पीठ म्हणजे तांदूळ, उडीद डाळ, चणा डाळ, थोडे धणे-मेथी असं भाजून-दळून केलेलं भाजणीचं पीठ. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. मसाल्याचंही तसंच. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मिरची निवडून, भाजून, कांडपावर कुटून वर्षभराचा मसाला भरून ठेवणारी घरं आजही आहेत. कुठल्या मिरच्या किती, हे प्रमाण आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जातं.

घाटावरच्या घरातही हेच. तिथे कांदा-लसूण मसाला आणि भाकरी कायम, रश्श्यात काय पडतं ते खिशावर ठरतं.

टर्कीचं याउलट आहे. तिथे मध्ये ठेवलेला अख्खा पक्षी हेच जेवणाचं चित्र. तो काढला तर टेबल रिकामं दिसतं, म्हणून त्याला पर्याय शोधणं अवघड जातं. आपल्याकडे चव टोपातल्या रश्श्यात आहे आणि रस्सा वाटपावर उभा आहे. त्यामुळे आत काय पडतं, हे बदलायला तुलनेने जास्त मोकळीक आहे. गिरणगावातल्या बायकांनी कमी पैशांत घर आणि खाणावळ चालवताना ही मोकळीक कायम वापरली. मटणात बटाटा घालून रस्सा वाढवणं हा त्याचाच एक प्रकार.

पण हे सगळं करणार कोण?

पर्यायांच्या याद्यांमध्ये सहसा न येणारा प्रश्न हाच आहे.

एका मटणाच्या टोपाऐवजी तीन टोप म्हणजे तीन फोडण्या, तीनदा चव बघणं आणि दुप्पट भांडी. वाटाणे भिजवायचं आदल्या रात्री लक्षात ठेवायचं. चिंबोरी आणली तर ती साफ करायची. वडे तर गरमच लागतात, म्हणजे सगळे जेवत असताना एक जण कढईसमोर उभी.

बुधवारी, १२ ऑगस्टला हे सगळं करायचं तर तिला अर्धी रजा टाकावी लागेल किंवा पहाटे उठावं लागेल. पैशांत वाचलेले हजार रुपये तिच्या वेळेतून आणि पाठीतून वसूल होत असतील, तर तो पर्याय स्वस्त म्हणता येत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते फार अवघड नाहीत. वाटप दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं आणि एकच वाटप तिन्ही टोपांना चालतं. भाजणीचं पीठ लालबाग-दादरच्या दुकानांत तयार मिळतं. वडे किंवा रस्सा परिसरात घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडून मागवता येतो. खाणावळीची परंपरा आता अशी फोनवर आली आहे. आणि वडे थापायला, तळायला घरातल्या पुरुषांनी उभं राहायला कुठल्याही शास्त्रात बंदी नाही.

नावाचा वाद आणि दिव्यांचा पर्याय

दरवर्षी याच सुमारास आणखी एक पोस्ट फिरते: "गटारी नाही, दीप अमावास्या म्हणा." काही जण 'गटारी' हा शब्द 'गत' आणि 'आहार' यांपासून, म्हणजे सोडून दिलेला आहार यावरून आला, असं सांगतात. काही जण त्याचा संबंध थेट दारू पिऊन गटारात पडण्याशी जोडतात आणि विनोद करतात.

व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खरी आहे. याच दिवशी अनेक घरांत दिव्यांची पूजा होते. समया, निरांजनं, कंदील घासूनपुसून पाटावर मांडले जातात. कणकेचे, गूळ घालून उकडलेले गोड दिवे केले जातात आणि तुपासोबत खाल्ले जातात. म्हणजे या दिवसाला एक पूर्ण शाकाहारी, अगदी स्वस्त आणि मुलांना आवडणारा मानाचा पदार्थ आधीपासूनच आहे. काळाचौकीतल्या कितीतरी घरांत दोन्ही होतं. सकाळी दिवे, रात्री रस्सा. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

थोडक्यात काय?

यंदा ताजी मासळी हा पर्याय उघडा आहे, पण हवामानावर अवलंबून. त्यामुळे संपूर्ण बेत त्यावर टाकू नये. ब्रॉयलर सर्वांत सोपी. मटण हवंच असेल तर प्रमाण कमी करून शेजारी काळ्या वाटाण्याचा टोप ठेवणं, हा खर्च आणि पंगत दोन्ही सांभाळणारा मार्ग. खरेदी ९ ऑगस्टच्या रविवारची गर्दी टाळून केली तर रांगही टळेल. बर्ड फ्लूच्या बातम्यांनी धास्ती वाटत असेल, तर कोंबडी आणि अंडी पूर्ण शिजवून खाणं हा नियम पुरेसा आहे. ७० अंश सेल्सिअसच्या वर नीट शिजल्यावर तो विषाणू टिकत नाही.

गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, अभ्युदय नगरच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि सगळ्यांच्या कढया एकाच वेळी तापलेल्या, हे दृश्य आता कमी होत चाललं आहे. मटणाचा भाव वाढला म्हणून सण छोटा होण्यापेक्षा, भाव परवडत नाही म्हणून कुणी शेजाऱ्याला, मावशीला, मुलाच्या मित्राला बोलवायचं टाळलं, हे नुकसान मोठं आहे.

ताटात मटणाचे दोन तुकडे कमी पडले तरी चालतील. टोप असा लावावा की आयत्या वेळी आलेल्या माणसालाही "बस जेवायला" म्हणता आलं पाहिजे.